जिजीची शिट्टी: आजीच्या आठवणींची पुस्तिका करताना काय, कधी आणि कसं करायचं

जिजीच्या तेराव्याला आमच्या ओट्यावर एक अनोळखी म्हातारी बसली होती. फलटणच्या बाजूच्या एका गावाहून दोन एसट्या बदलून एकटीच आलेली. जेवणं उरकल्यावर तिनं आईला हळूच विचारलं, "तिची शिट्टी कुणी ठिवली?"

आईला वाटलं, कुकरची.

मग उलगडा झाला. माझी आजी, जिला आम्ही सगळी नातवंडं जिजीच म्हणायचो, एकोणीस वर्षं आषाढी वारीला गेली. लोणंदला माउलींच्या पालखीत सामील व्हायची ती थेट पंढरपूरपर्यंत. ती जायची एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दिंडीतल्या बायकांना पहाटे तीनला उठवायचं, टँकर आला की पाण्याची रांग लावायची आणि गर्दीत पांगलेल्यांना गोळा करायचं हे काम तिच्याकडं होतं, आणि त्यासाठी तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पत्र्याची शिट्टी असायची, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. घरात कधी आवाज न चढवणारी बाई ती!

त्या दिवशी ठरवलं की वर्षश्राद्धापर्यंत तिच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका करायची. झाली. त्या अकरा महिन्यांत काय जमलं आणि काय फसलं, ते इथं क्रमानं लिहितो आहे. तुमची आजी हयात असेल तर उत्तमच, मग अर्धं काम सोपं. नसेल तरी वाटतं त्यापेक्षा बरंच काही हाती लागतं. फक्त ते घरातल्या माणसांकडे कमी असतं आणि भांड्यांवर, पोथ्यांत आणि मैत्रिणींकडे जास्त.

आधी: दहाव्या-तेराव्याच्या दिवसांत

या दिवसांत मुलाखती घेऊ नका. कुणाचं मन थाऱ्यावर नसतं. पण तीन गोष्टी मात्र तेव्हाच होतात, नंतर होत नाहीत.

दाराशी एक वही ठेवा. भेटायला येणाऱ्यानं नाव, गाव, फोन नंबर आणि आजीशी ओळख कशी ते लिहायचं. लिहिता न येणाऱ्यांसाठी एखाद्या कॉलेजातल्या नातवाला तिथं बसवा. आमच्या वहीत सत्तर-एक नावं जमली, त्यातली तीसेक आम्हाला पूर्ण अनोळखी होती. पुढचं सगळं काम या तिसांवर उभं राहिलं.

दुसरं, तिच्या कोपऱ्याचे फोटो काढा. झाडलोट होण्याआधी, जसा आहे तसा: देवघर, उशाखालची किल्ली, खिडकीतल्या औषधांच्या बाटल्या, खुंटीवरची पिशवी.

तिसरं, कपाट रिकामं करायची घाई थांबवा. साड्या वाटायचा रिवाज असतो, त्याला ना नाही. पण पिशव्या, पुरचुंड्या, डबे आणि कागद यांना दीड-दोन महिने कुणी हात लावायचा नाही, असं घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडून सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे वारीची पिशवी बोहारणीच्या गाठोड्यात गेलीच होती. शिट्टी त्या पिशवीच्या आतल्या खिशात निघाली, बुक्क्याच्या पुडीसोबत.

भांडी वाचा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अपघातानं कळलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. कुणी, कुणाला, कशासाठी आणि कधी दिलं ते त्या दोन ओळींत असतं. लग्न, बारसं, मुंज, वास्तुशांत, पोरगा नोकरीला लागला, सगळं तिथं कोरलेलं. ज्या घरात बायकांच्या नावाचा दुसरा कागद नाही, त्या घरात फडताळ हेच दप्तर.

एका रविवारी सगळी भांडी अंगणात मांडा. माळ्यावरची, गोठ्यात धान्य मोजायला गेलेली, चुलत्यांकडे वाटणीत गेलेली, सगळी. जुन्या पितळेवर अक्षरं टिंबाटिंबानं ठोकलेली असतात आणि चिंचेनं घासून घासून बुजतात. त्यावर थोडं तांदळाचं पीठ चोळा आणि वरवर पुसून घ्या. पीठ खाचेत राहतं, अक्षर उठून दिसतं. टॉर्च समोरून न मारता बाजूनं तिरका धरा आणि मग फोटो काढा. फोटोचा क्रमांक, भांड्याचा प्रकार, जसाच्या तसा मजकूर आणि भांडं आत्ता कुणाकडे आहे, असे चार रकाने वहीत पुरेत. मजकुरातल्या चुका सुधारू नका. 'स. भेट' म्हणजे सप्रेम भेट हे आज तुम्हाला कळतं, वीस वर्षांनी कळेलच असं नाही, तेव्हा शेजारी अर्थ लिहून ठेवा.

जुन्या भांड्यावर साल 'शके' असं घातलेलं असेल तर इसवी सनासाठी चैत्र ते मार्गशीर्ष या महिन्यांना त्यात ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. पौष महिना डिसेंबर आणि जानेवारी दोन्हीत सांडतो, तिथं सबूर. म्हणजे 'शके १८७४ वैशाख' असेल तर ते १९५२ सालचं लग्न.

आमच्याकडे दोन भांड्यांनी खजिना उघडला. एक पितळी फुलपात्र, त्यावर फक्त 'मैत्रिणीकडून १९५९' आणि एका गावाचं नाव. घरात कुणालाच काही सांगता येईना. दुसरा स्टीलचा डबा, बुडाला 'भिशी मंडळ' आणि साल. शेजारच्या काकूंकडे अगदी तसाच डबा होता. मग कळलं की आळीतल्या आठ बायकांनी दरमहा पैसे काढून आठ महिन्यांत आठ डबे घेतले होते. आठ घरं पालथी घातली. सहा डबे सापडले, आणि डब्यांसोबत चार जिवंत मैत्रिणी.

नाव वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आजीला बहुधा दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं. लग्नाआधीच्या कागदांत, शाळेत आणि माहेरच्या भांड्यांवर ती वेगळ्या नावानं सापडेल. माहेरचं नाव आधी पक्कं केलं नाही तर पुढचं शोधकाम निम्म्यावर अडतं. आणि वंशवृक्ष काढाल तेव्हा तिच्या माहेरची फांदीही काढा. छापील कुळवृत्तांतांमध्ये सुना बहुतेकदा नवऱ्याच्या नावापुढच्या कंसात उरतात.

साल कसं ठरवायचं

जुन्या बायकांना साल विचारलं की त्या गप्प होतात. "तेव्हा किती वर्षांची होतीस?" हा प्रश्नही फारसा कामाचा नाही. त्यांचं पंचांग वेगळं असतं. "धरणीकंपाला थोरला पोटात होता" या एका वाक्यानं आमच्या मोठ्या काकांच्या जन्माचा घोळ सुटला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६७ आहे, जी मास्तरांनी शाळेत घालताना ठोकून दिली. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, याचं उत्तर बव्हंशी मास्तरांकडेच सापडतं.

म्हणून आधी एका कागदावर सगळ्यांच्या लक्षात राहिलेल्या घटना उतरवून घ्या आणि बोलताना त्याचा आधार द्या. १९४८ चं गांधीहत्येनंतरचं जळीत, आणि त्याच वर्षी १ जूनला पुणे-नगर मार्गावर धावलेली पहिली एसटी. १ एप्रिल १९५७ ला आण्यांचे नवे पैसे झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. १९६२ च्या चीन युद्धात बायकांनी अंगावरचे दागिने दिले. १९७२ चा दुष्काळ, त्यातली खडी फोडायची कामं, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक डोक्यावर पडणार म्हणून लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, ही आठवण काढली की म्हाताऱ्या अजून हसतात. १९८२ चा गिरणी संप, मुंबईला माणसं असलेल्या घरांसाठी. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तो दिवस. तुमचं गाव गोव्यात असेल तर गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधी की नंतर, एवढं विचारलं तरी पुरतं.

ती सांगेल ते साल चुकीचं वाटलं तरी बोलताना दुरुस्त करू नका. वहीच्या समासात आपलं प्रश्नचिन्ह काढा आणि पुढं चला.

कागद

यात फार रमू नका, पण हे तीन दरवाजे ठोठावून बघा. गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मध्ये असतात, त्या तहसील कार्यालयात मिळू शकतात. नोंद अनेकदा मुलीच्या नावाशिवाय, नुसती 'मुलगी' अशी असते आणि मजकूर मोडीत असण्याची शक्यता असते. मोडी येत नसेल तर तालुक्यात वाचणारे जाणकार विचारा. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, तिथं शिकलेले लोक सापडतात. शाळेत गेली असेल तर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा. आणि जमिनीच्या फेरफारात वारस म्हणून तिचं नाव कधी लागलं आणि कधी 'हक्कसोड' झालं तेही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला घरातलं कुणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यांची नावं निघतात. ख्रिस्ती घरांत, विशेषतः वसईकडं, चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या फार नेमक्या असतात. त्यांना कोतवाल बुकाच्या वाटेला जायची गरजच पडत नाही.

मैत्रिणींकडे जा

आपण आजीबद्दल कुणाला विचारतो? मुलांना, सुनांना, लेकींना. या सगळ्यांनी तिला कामात पाहिलेलं असतं. त्यांच्या आठवणीत ती कायम काहीतरी वाढत असते. ती हसायची कशाला, चिडायची कुणावर, चोरून काय खायची, हे मैत्रिणींना ठाऊक असतं.

त्यांना शोधायच्या जागा: भजनी मंडळ किंवा हरिपाठाचा गट, भिशी, महिला मंडळ, माहेरची आळी, शेतावर एका पट्ट्यात खुरपणाऱ्या बायका, पापड-कुरडयांचं वर्षाचं टोळकं आणि दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरची ओळख. हळदीकुंकवाच्या याद्याही बघा. विधवा झाल्यावर ज्या घरांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं आणि ज्या एखाद्या घरानं सोडलं नाही, तो फरक टिपून ठेवण्यासारखा असतो. आमच्या आळीत असं एकच घर होतं.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका आणि एकटेही जाऊ नका. सोबत घरातली एखादी बाई असू द्या. तरण्या नातवासमोर म्हाताऱ्या बायका निम्म्या गोष्टी गिळतात. माझ्यासोबत आत्या आली आणि सगळा सूरच बदलला. मी पाणी आणायला उठलो की मागं हशा पिकायचा. शेवटी मी रेकॉर्डर चालू ठेवून पारावर जाऊन बसायला लागलो. अर्थात त्यांना सांगून.

प्रश्न मोठे विचारू नका. "आजीबद्दल काहीतरी सांगा" म्हटलं की "लई चांगली होती बिचारी" एवढंच येतं. लहान आणि हाताला लागणारं विचारा. तुमची पहिली भेट कुठं झाली? दोघींनी मिळून पहिल्यांदा काय विकत घेतलं? कशावरून अबोला धरला होता आणि तो कुणी मोडला? ती नवऱ्याला काय म्हणून हाक मारायची? उखाण्यात नाव कसं घ्यायची? माहेराहून परत येताना कुठल्या थांब्यावर उतरायची? पहिल्यांदा स्वतःच्या हातात पैसे कधी आले आणि त्याचं काय केलं?

या शेवटच्या प्रश्नाला आम्हाला मिळालेलं उत्तर असं: बहात्तरच्या दुष्काळी कामावरच्या पहिल्या पगारातून तिनं स्वतःसाठी चप्पल घेतली, आणि सासूला दिसू नये म्हणून ती चप्पल दोन वर्षं या मैत्रिणीच्या घरी ठेवली. गावाबाहेर पडताना इथं येऊन घालायची आणि परत येताना काढून ठेवायची. हे घरातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं.

फुलपात्रावरच्या गावीही गेलो. देणारी बाई दहा वर्षांपूर्वीच वारली होती. तिच्या सुनेनं मात्र आमचं पितळी फुलपात्र हातात घेऊन उलटं केलं, आत गेली आणि त्याचा जोडीदार तांब्या घेऊन आली.

रेकॉर्डिंग

साधा मोबाइल पुरतो. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन एअरप्लेन मोडवर. फोन घडी घातलेल्या रुमालावर बोलणारीपासून हातभर अंतरावर ठेवा, पाटावर किंवा पत्र्याच्या ट्रंकेवर नको, घुमतं. सुरुवातीला आपल्या तोंडानं तारीख, गाव आणि बोलणारीचं नातं सांगा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपुढं ताणू नका. बसवून मुलाखत घेण्यापेक्षा हाताला काम असताना बोलणं चांगलं रंगतं: वाती वळताना, शेंगा फोडताना, लसूण सोलताना. डाळ तांब्याच्या परातीत निवडू देऊ नका, सगळं रेकॉर्डिंग खडखडाटानं भरतं. माझं पहिलं तसंच गेलं.

ओव्या मागून येत नाहीत. "ओवी म्हणा" म्हटलं की दुसरी ओळ विसरते. जातं असेल तर दोघींना पसाभर जोंधळे घेऊन बसवा. हात फिरायला लागला की आठवतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक आज ऐकता येतात. जाण्याआधी त्यातल्या काही ऐका. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना त्यातली एक ऐकवली की "असं न्हाई, आमच्यात असं म्हणत्यात" म्हणून त्या स्वतःच सुरू होतात.

त्याच रात्री फाइल दुसऱ्या दोन ठिकाणी ठेवा, एक घरातल्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. जुनी कॅसेट सापडली तर वाजवण्याआधी वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.

श्रद्धेबद्दल लिहिताना

'ती फार धार्मिक होती' हे वाक्य खोडून टाका आणि त्याजागी ती काय करायची ते लिहा. पोथी उघडा. कुठलं पान जास्त मळलंय? आमच्याकडच्या शिवलीलामृतात अकराव्या अध्यायाची पानं खालच्या कोपऱ्यात बोटांनी काळी पडली होती आणि मधले चार अध्याय कोरे करकरीत. मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीनं गाईंच्या विण्याच्या तारखा. पोथीतली फुलं, बिल्वपत्रं, कुणाच्या आजारपणाची चिठ्ठी यांचे जागच्या जागी फोटो काढा, मग पुन्हा तिथंच ठेवा.

देवघरातल्या प्रत्येक टाकाची, मूर्तीची आणि तसबिरीची हकिगत विचारा, कारण पुढची पिढी ते एकाच डब्यात घालून माळ्यावर टाकणार आहे. कुठला टाक सासूनं दिला, कुठला जेजुरीहून आला, कुठला नवस फेडला आणि कुठला फिटलाच नाही.

वारी केली असेल तर दिंडीचा क्रमांक मिळवा आणि ती रथापुढं चालायची की रथामागं तेही. माउलींच्या रथापुढं २७ दिंड्या असतात, बाकीच्या मागं. क्रमांक कळला की दिंडीचालक सापडतात आणि ते सापडले की सोबतच्या बायका. नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, वाखरीचा शेवटचा तळ, अशी ठिकाणं घेऊन विचारलं की आठवणी साखळीनं येतात.

सगळ्या आज्या वारकरी नसतात हे सांगायला नको. चौदा ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला पांढरी साडी नेसून बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली आजी असेल तर ती साडी कुठून आणली, कोणाच्या बैलगाडीनं किंवा रेल्वेनं गेली, घरातले जुने देव कुणी आणि कुठं सोडले, हे विचारा. वसईतल्या आजीची रोझरी कुणाकडून आली, नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, ती कुणासाठी बसायची ते विचारा. आणि जिचा देवावरचा विश्वास मध्येच कधीतरी उडाला तिचंही तसंच लिहा. आमच्या जिजीनं धाकट्या लेकाच्या मागं तीन वर्षं माळ काढून ठेवली होती. पुन्हा घातली ती का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पुस्तिकेत आम्ही एवढंच लिहिलं.

जपून विचारायच्या गोष्टी

त्या पिढीतल्या बाईला मुलं किती, हा एक प्रश्न आणि बाळंतपणं किती, हा दुसरा. दोन्हींच्या उत्तरांत बहुधा फरक असतो. हा प्रश्न पहिल्या भेटीत नको, पुरुषमाणसाकडून नको आणि रेकॉर्डर चालू ठेवून तर नकोच. जिजीला आम्ही पाच मुलांची आई समजत होतो. बाळंतपणं आठ. गेलेल्या तिघांपैकी एकीचं बारसं झालं होतं. ते नाव आता वंशवृक्षात इतर भावंडांच्या ओळीत आहे. ते छापायचं की नाही यावर घरात दोन रात्री वाद झाला, पण शेवटी माझ्या वडिलांनीच निकाल दिला.

सवत, मारहाण, वाटणीचे वाद, कुणी कुणाला घरातून काढलं, हे सगळंही बाहेर येतं. ऐका, वेगळ्या वहीत लिहून ठेवा. छापायचा नियम आम्ही असा केला: ज्याच्याबद्दल आहे तो माणूस किंवा त्याची मुलं हयात असतील तर त्यांना मजकूर वाचून दाखवायचा, आणि ते नको म्हणाले तर नको. जमिनीच्या भानगडी मात्र सरळ गाळल्या. एकदा छापलं की तो मजकूर कोर्टात फिरतो.

फोटो

जुन्या फोटोंना लॅमिनेशन करू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट सावलीत ठेवून तिरका फोटो घ्या. स्कॅन करायचे तर पासपोर्टएवढे बारके ६०० डीपीआयला, पोस्टकार्डएवढे ३०० ला पुरतात. फोटोच्या पाठीमागं मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नको, पुढं वळ उठतात. व्हॉट्सअॅपवरून मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो आकसून येतो आणि छापताना चेहऱ्याचे ठिपके होतात. आमच्या मुखपृष्ठाचा पहिला नमुना असाच वाया गेला.

बऱ्याच आज्यांचा तरुणपणीचा एकही फोटो नसतो. लग्नाच्या वरातीतल्या घोळक्यात, दुसऱ्याच्या बारशात, कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून ती उभी असते. दुसऱ्यांचे अल्बम मागा.

लिहिणं

एका पानावर एकच प्रसंग. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, सोशीक हे चार शब्द वापरायचे नाहीत असं आम्ही आधीच ठरवून टाकलं, कारण ते वृत्तपत्रातल्या प्रत्येक श्रद्धांजलीत असतात. "त्या अतिशय काटकसरी होत्या" याऐवजी "आगपेटीची काडी उभी चिरून तिच्या दोन करायची" लिहिलं की संपलं. तिची बोली तशीच ठेवा. 'व्हतं' ला 'होतं' करू नका. चुलत भाऊ शहरात मोठा साहेब आहे, त्याला हे गावंढळ वाटलं. त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं, मग गप्प बसला.

पाककृती द्यायच्या असतील तर तिची वाटी शोधा. 'एक वाटी पीठ' म्हणजे तिची वाटी. ती पिठानं, गुळानं आणि तेलानं वेगवेगळी भरून काट्यावर तोला आणि ग्रॅममध्ये लिहा. जुन्या मापांचं कोष्टक द्या: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पण शेर गावोगावी वेगळा भरतो, म्हणून घरातलं माप सापडलं तर तेच तोला.

छपाई

पानांची संख्या चारच्या पटीत हवी. सोळाच्या पटीत असली तर छापखान्याला सोयीचं आणि तुम्हाला स्वस्त. ४८ पानं, डेमी आकार, आत ८० जीएसएमचा कागद, वर जाड आर्ट कार्ड, मध्ये दोन पिना. शंभराच्या आसपास प्रतींना डिजिटल छपाई परवडते. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणाऱ्यांपैकी निम्मे साठीपुढचे असणार.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या आणि छापखान्यात जुन्या फाँटमध्ये बदलला तर शेवटचं प्रूफ ओळीनं ओळ वाचा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र हमखास मोडतो. आमच्या प्रुफात 'शेतकऱ्याची' प्रत्येक ठिकाणी 'शेतकर्याची' झाली होती. नावांसाठी वेगळं प्रूफ काढा आणि ते घरातल्या सगळ्यात भांडखोर माणसाला वाचायला द्या.

शेवटची चार पानं कोरी सोडा. वाचून झालं की लोकांना आठवतं.

वर्षश्राद्धाला १२० प्रती वाटल्या. फलटणकडच्या त्या आजींना वाचता येत नाही, म्हणून आत्यानं त्यांच्या शेजारी बसून सगळी पुस्तिका मोठ्यानं वाचली. शिट्टीच्या पानावर आम्ही लिहिलं होतं की जिजीनं ती पहिल्या वारीत पंढरपूरला घेतली. आजींनी हात वर केला.

"पंढरपुरात न्हाई गं. तिथं मिळालीच न्हाई. लोणंदच्या बाजारात, पुढच्या साली. आठ आणे म्हणत हुता, सहा आण्याला दिली."

आण्यांचा हिशेब जुळत नाही. जिजी पहिल्यांदा वारीला गेली ती १९७६ ला, तेव्हा आणे जाऊन जवळपास वीस वर्षं झाली होती. पण बायका पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिल्या, तेव्हा कुणी सांगावं. त्या संध्याकाळी उरलेल्या प्रतींत आम्ही पेन्सिलीनं 'पंढरपूर' खोडून 'लोणंद' केलं. किंमत समासात लिहिली, प्रश्नचिन्ह घालून.